मे महिन्यातही टिकेल असं ओव्हरक्लॉकिंग: गावातल्या रास्पबेरी पाय ४ चा वेग कसा वाढवावा

रास्पबेरी पाय ४ हा एकाच बोर्डावरचा छोटा, स्वस्त संगणक. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे त्याचा प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवणं. तो दोन गिगाहर्ट्झला पळवायला सेटिंगच्या दोन ओळी पुरतात आणि त्या ओळी शोधल्या की लगेच सापडतात. त्या ओळी ज्याने तपासून लिहिल्या, त्याच्या खोलीत तेव्हा किती तापमान होतं, हे मात्र सहसा कुठे लिहिलेलं नसतं. बहुतेक वेळा ते वीस-पंचवीस अंश असावं. आपल्याकडे विदर्भात टिनाच्या छपराखालच्या खोलीत मे महिन्यातल्या दुपारी पंखा चालू असतानाही पारा ४३-४४ च्या खाली येत नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या पट्ट्यात बाहेर ४५ च्या वर जाणं नवलाचं नाही. डिसेंबरात झकास चाललेला आकडा नवतप्यात मशीन लटकवतो, तो यामुळेच.

म्हणून या लेखात क्रम उलटा आहे. आधी वीज, मग उष्णता आणि अगदी शेवटी आकडा.

एक सूचना आधीच. आज्ञा आणि सेटिंगची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायची. जिथे _ हे चिन्ह आहे तिथे तेच चिन्ह, मध्ये जागा सोडायची नाही.

खरंच प्रोसेसरच कमी पडतोय का?

ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत, शाळेत किंवा घरी पाय ४ वापरणाऱ्यांची तक्रार साधारण एकच असते: ब्राउझर उघडायला वेळ लागतो, मोठी पीडीएफ अडकते. यातल्या निम्म्याहून जास्त वेळा दोष प्रोसेसरचा नसतोच. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'टॉप' ही आज्ञा द्या आणि नेहमीचं काम करून पाहा. वरच्या ओळीत 'डब्ल्यूए' अक्षरांच्या आधी जो आकडा असतो, तो म्हणजे मेमरी कार्डाची वाट पाहण्यात गेलेला वेळ. तो सतत २०-३० च्या घरात दिसत असेल तर प्रोसेसर कितीही पळवा, फरक पडणार नाही. कार्ड बदला, नाहीतर निळ्या यूएसबी ३ पोर्टला छोटी एसएसडी लावून तिच्यावरून मशीन सुरू करा. रॅम भरून स्वॅप, म्हणजे रॅमऐवजी कार्डावरची जागा, वापरली जात असेल तरी तेच, ब्राउझरचे टॅब कमी करणं हाच उपाय. चारही कोर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) शंभर टक्क्यांवर आणि डब्ल्यूए शून्याजवळ, असं चित्र असेल तरच पुढे वाचा.

आणखी एक तपासणी. 'एलएससीपीयू' आज्ञा दिली की कमाल वेग मेगाहर्ट्झमध्ये दिसतो. पाय ४ मूळचा १५०० चा. पण नंतर बनलेल्या बोर्डांवर नव्या प्रणालीत तो आपोआप १८०० ला चालतो. तुमचा बोर्ड १८०० दाखवत असेल तर २००० पर्यंत नेऊन मिळणार ११ टक्के, आणि त्यासाठी पुढची सगळी उठाठेव. माझं मत विचाराल तर अशा बोर्डाला हात लावू नका, फक्त गार ठेवा. हा लेख मुख्यतः १५०० वाल्यांसाठी आहे.

सेलेरॉन, पेंटियम सिल्व्हर किंवा एन१०० असलेले स्वस्त लॅपटॉप आणि मिनी पीसी यांचा गुणक, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, कुलूपबंद असतो, त्यामुळे हा प्रकार तिथे चालत नाही. इंटेलमध्ये साधारणपणे नावात 'के' असलेले डेस्कटॉप प्रोसेसरच उघडे असतात. जुन्या लॅपटॉपचा पंखा साफ करा, थर्मल पेस्ट बदला, हार्डडिस्क काढून एसएसडी घाला. फरक ओव्हरक्लॉकिंगपेक्षा मोठा जाणवेल.

वीज

गावात 'व्होल्टेज कमी आहे' म्हणजे २३० च्या जागी १७०-१८०, असा आपला समज. पायच्या बाबतीत तो त्रास कमी, कारण चांगला अॅडाप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत सगळं पचवतो. खरी गळती पुढच्या बाजूला, अॅडाप्टर ते बोर्ड या वायरमध्ये होते.

पाय ४ चा अधिकृत अॅडाप्टर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा. मोबाइलचा चार्जर सहसा ५.० देतो. बोर्डावरचं व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की पाय 'वीज कमी' अशी नोंद करतो आणि वेग कापतो. आता बाजारातल्या बारीक वायरीचा येऊन-जाऊन रोध ०.१५ ओहम धरा. अडीच अँपिअर ओढले की ०.३७ व्होल्ट वायरीतच गेले. ५.० मधून ते वजा केले की उरले ४.६३, म्हणजे बरोबर उंबरठ्यावर. ओव्हरक्लॉक केल्यावर ओढ वाढते आणि उंबरठा ओलांडला जातो. त्यामुळे वायर आखूड आणि जाड घ्या, किंवा ज्याची वायर त्यालाच जोडलेली असते तो अधिकृत अॅडाप्टर घ्या. एक्स्टेन्शन लागलंच तर २३० व्होल्टच्या बाजूला वाढवा, ५ व्होल्टच्या बाजूला कधीच नको.

तपासायची आज्ञा अशी. पहिला शब्द म्हणजे व्ही, सी, जी, ई, एन, सी, एम, डी ही अक्षरं सलग:

व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड

उत्तर 'शून्य एक्स शून्य' आलं तर सगळं ठीक. नाहीतर शेवटचा अंक बघा, तो आत्ताची स्थिती सांगतो: १ म्हणजे वीज कमी, २ म्हणजे वेगावर मर्यादा, ४ म्हणजे वेग कापलेला, ८ म्हणजे तापमानाची मऊ मर्यादा. एकाहून जास्त गोष्टी असतील तर बेरीज येते. पाच अंकी उत्तरातला पहिला अंक हेच सांगतो, पण मशीन सुरू झाल्यापासून कधीतरी घडलेलं. म्हणजे ५०००० आलं तर आत्ता ठीक आहे, पण मघाशी वीज कमी पडली (१) आणि वेग कापला गेला (४). ५०००५ आलं तर आत्ताही तेच चाललंय. बेरीज नऊच्या वर गेली तर अंकाच्या जागी अक्षर येतं, 'ई' म्हणजे १४, म्हणजे २, ४ आणि ८ एकत्र. हा उष्णतेचा मामला, विजेचा नाही.

काहीही न बदलता, मूळ वेगावर, पूर्ण भार देऊन ही आज्ञा द्या. वीज कमी असल्याची नोंद इथेच दिसली तर आधी अॅडाप्टर आणि वायर बदला. तोवर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही.

लाइन जाण्याचं काय? इन्व्हर्टरवर सरकताना क्षणभर तुटणारा पुरवठा पायला रीस्टार्ट करतो आणि लिहिणं चालू असताना तसं झालं तर कार्ड खराब होतं. ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनवर कार्ड बिघडलं की दोष वेगाचा की विजेचा हे कळत नाही, म्हणून आधी हा प्रश्न मिटवा. ५ व्होल्ट, ३ अँपिअर देऊ शकणारा छोटा डीसी यूपीएस उत्तम. राउटरसाठी मिळणारे बहुतेक १२ व्होल्टचे असतात, ते थेट लावायचे नाहीत. मशीन फक्त वाचनासाठी असेल तर 'रास्पी-कॉन्फिग' मध्ये ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही. ते मात्र सगळी सेटिंगं पक्की झाल्यावर. आणि अवकाळीच्या दिवसांत विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा, त्याला पर्याय नाही.

उष्णता: फरक मोजा, तापमान नव्हे

सगळ्या लेखातली कामाची गोष्ट हीच आहे. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक फरक. ठरावीक भार, ठरावीक वेग आणि तोच हीटसिंक (चिपची उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) असेल तर फरक जवळपास तोच राहतो, मग महिना कुठलाही असो. त्यामुळे मे महिन्याचं उत्तर डिसेंबरातही काढता येतं.

खोलीत साधा थर्मामीटर पायच्या शेजारी ठेवा. 'सुडो एपीटी इन्स्टॉल स्ट्रेस-एनजी' करून घ्या आणि चार कोरवर अर्धा तास भार द्या:

स्ट्रेस-एनजी --सीपीयू ४ --व्हेरिफाय --टाइमआउट ३०एम

दुसऱ्या खिडकीत 'व्हीसीजेनसीएमडी मेझर_टेम्प' ही आज्ञा अधूनमधून देत राहा. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे फसवे, धातू तापायला वेळ लागतो. शेवटच्या दहा मिनिटांत जो आकडा स्थिर होईल तो घ्या.

समजा थंडीत खोली १८ अंश आणि चिप ५८ वर थांबली. फरक ४०. आकडा बघून वाटेल की ५८ म्हणजे काहीच नाही. पण मे महिन्यात ४४ अधिक ४० म्हणजे ८४. पाय ४ ऐंशीच्या पुढे वेग कापायला लागतो आणि ८५ ला प्रोसेसर व ग्राफिक्स दोन्ही आवरतो. शिवाय गरम चिप तेवढ्याच कामाला थोडी जास्त वीज खाते, म्हणून उन्हाळ्यासाठी फरकात चार-पाच अंश आणखी धरा.

माझं लक्ष्य असं: ४५ अंशाच्या खोलीत पूर्ण भारावर चिप ७५ च्या आत. म्हणजे फरक ३०, आणि वरची चार-पाच अंशांची सूट काढली तर थंडीत मोजलेला फरक २५-२६ च्या आत हवा. उघड्या बोर्डावर हे जमत नाही. चिपला उष्णता वाहून नेणारं पॅड लावून घट्ट बसणारी जाड अॅल्युमिनियमची पेटी किंवा हीटसिंक आणि पंखा, यांपैकी एक लागतंच. ५ व्होल्टचा छोटा पंखा पिन ४ आणि पिन ६ वर लागतो, चार म्हणजे ५ व्होल्ट, सहा म्हणजे ग्राउंड.

पंखा की नुसती पेटी, हे घर बघून ठरवा. ज्या घरात दिवाळीपासून कापसाची गंजी लागलेली असते तिथे हवेत तंतू तरंगत असतात आणि चाळीस मिलिमीटरचा पंखा महिन्याभरात रुईने भरतो. तिथे पंखा नसलेली अॅल्युमिनियमची पेटी बरी. पंखाच हवा असेल तर हवा आत येते त्या बाजूला मच्छरदाणीचा तुकडा लावा आणि दर पंधरा दिवसांनी ब्रशने झाडा. फुंकणी किंवा ब्लोअर मारताना पात्याला काडी लावून धरायची, नाहीतर पंखा जोरात फिरून बेअरिंग जातं.

कूलरसमोर ठेवलं तर? मोह होतो, कारण हवा आठ-दहा अंशांनी थंड असते. पण त्या हवेबरोबर गवतावरून उडालेले बारीक थेंब येतात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात त्या थेंबांतला क्षार बोर्डावर वाळून पांढरा थर धरतो आणि पिना गंजतात. कूलर असलेल्या खोलीत ठेवा, पण झोताच्या रेषेत नको. आणि फळीवर उंच ठेवू नका. टिनाखाली सगळ्यात गरम हवा वरच असते. पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, उंदीर आणि मुंग्या पोचणार नाहीत अशी जागा शोधा.

किती वाढवावं

चिपमध्ये तयार होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, म्हणून हा सौदा वर जाल तसा महाग होत जातो. उदाहरणादाखल मूळ व्होल्टेज ०.८६ धरू. ओव्हर_व्होल्टेज या सेटिंगची एक पायरी म्हणजे ०.०२५ व्होल्ट.

२००० मेगाहर्ट्झसाठी सहसा सहा पायऱ्या लागतात, म्हणजे १.०१ व्होल्ट. वेग ३३ टक्के वाढला, उष्णता जवळपास ८४ टक्के. १७५० साठी दोन पायऱ्या, ०.९१ व्होल्ट. वेग १७ टक्के, उष्णता साधारण ३० टक्के.

थंडीत तुमचा फरक मूळ वेगावर १८-२० आला असेल, म्हणजे पेटी खरंच चांगली असेल, तर १७५० वर तो २५-२६ पर्यंत जाईल आणि उन्हाळ्यात कसाबसा मावेल. २००० वर तो ३३ ते ३७ पर्यंत जातो, मे महिन्यात चिप ऐंशी गाठते, वेग आपोआप कापला जातो आणि वाढवलेल्या वेगाचा उपयोग नेमका उन्हाळी सुट्टीत, अभ्यासिका भरलेली असताना, शून्य होतो. विदर्भातल्या गावासाठी माझा आकडा म्हणूनच १७५०.

आता प्रत्यक्ष

१. प्रणाली अद्ययावत करा. 'सुडो एपीटी अपडेट', मग 'सुडो एपीटी फुल-अपग्रेड', मग रीस्टार्ट.

२. कार्डाची पूर्ण प्रत दुसऱ्या कार्डावर घ्या. रास्पबेरी पायच्या डेस्कटॉपवर 'एसडी कार्ड कॉपियर' हे साधन असतं. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि टाळायची नाही.

३. 'कॉन्फिग डॉट टीएक्सटी' ही फाइल शोधा. नव्या प्रणालीत ती बूट फोल्डरच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये असते, जुन्यात थेट बूटमध्ये. तिची एक प्रत त्याच जागी वेगळ्या नावाने ठेवा.

४. फाइलच्या शेवटी, चौकोनी कंसातल्या 'ऑल' या ओळीखाली लिहा:

ओव्हर_व्होल्टेज=१
आर्म_फ्रेक=१६००

दुसऱ्या नावातला शेवटचा शब्द म्हणजे एफ, आर, ई, क्यू. साठवा, रीस्टार्ट करा. भार चालू ठेवून 'व्हीसीजेनसीएमडी मेझर_क्लॉक आर्म' दिली की खरा वेग हर्ट्झमध्ये दिसतो.

५. अर्धा तास भार, तापमान, गेट_थ्रॉटल्ड. तिन्ही ठीक असेल तर व्होल्टेज २ करून १७००, मग १७५०. एकदम उडी नको. मधली पायरी चालली आणि पुढची नाही, तर बोर्डाची मर्यादा कुठे आहे ते कळतं.

ग्राफिक्सच्या वेगाला, म्हणजे जीपीयू_फ्रेक या सेटिंगला हात लावू नका. ब्राउझर आणि पीडीएफला त्याचा फायदा नगण्य, अस्थिरता मात्र लगेच वाढते. फोर्स_टर्बो तर अजिबात नको. त्याने प्रोसेसर कायम कमाल वेगावर राहतो, रिकामा असतानाही तापतो आणि वाढवलेल्या व्होल्टेजसोबत वापरला तर चिपमध्ये वॉरंटीचा कायमचा शिक्का पडतो. तो पुन्हा पुसता येत नाही.

मशीन सुरूच झाली नाही तर घाबरू नका. चिप जळलेली नसते, नुसता आकडा झेपलेला नसतो. कार्ड काढा, कुठल्याही विंडोज संगणकात घाला. बूटचा भाग तिथे साध्या पेनड्राइव्हसारखा उघडतो. त्या दोन ओळींच्या आधी # टाका, कार्ड परत लावा.

पास झालं म्हणजे पक्कं झालं, असं नाही

अर्धा तासाची चाचणी फक्त ढोबळ दोष पकडते. शेवटच्या आकड्यावर एक रात्रभर भार चालवा. स्ट्रेस-एनजीला दिलेला 'व्हेरिफाय' हा शब्द यासाठीच, तो गणिताची उत्तरं बरोबर आली का तेही बघतो. मशीन लटकली नाही पण एक उत्तर चुकलं, तरी तो आकडा नापास. वेगाने अस्थिर झालेला प्रोसेसर बंद पडण्याआधी चुकीचं लिहायला लागतो आणि ते चुकीचं कार्डावर जातं.

रोजच्या वापरात या खुणा दिसल्या तर ५० मेगाहर्ट्झ उतरवा: ब्राउझरचा टॅब विनाकारण बंद पडणं, अपडेट करताना फाइल खराब असल्याची तक्रार, दुपारीच होणारे रीस्टार्ट. व्होल्टेजची आणखी एक पायरी चढवूनही हे थांबू शकतं, पण आपल्या उन्हात मी उतरण्याच्या बाजूचा आहे.

उन्हाळी फाइल, हिवाळी फाइल

दुपारी ठरावीक वेळेला वेग कमी करायचा आणि संध्याकाळी वाढवायचा, असं क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून, करता येतं. गावात मात्र ते फसतं. दोन वाजता लाइन गेली, मशीन पुन्हा सुरू झाली की ती मर्यादा उडून जाते आणि भर उन्हात पूर्ण वेग परत येतो. त्यापेक्षा सेटिंगच दोन फाइलींत ठेवा. कॉन्फिग फाइलमध्ये 'इन्क्लूड' ही सोय आहे. बूटच्या त्याच फोल्डरमध्ये 'हिवाळा' नावाच्या फाइलमध्ये १७५० च्या दोन ओळी लिहा आणि 'उन्हाळा' नावाच्या फाइलमध्ये एकच ओळ, आर्म_फ्रेक=१५००. मुख्य फाइलमधल्या त्या दोन ओळी काढून तिथे फक्त 'इन्क्लूड' आणि हव्या त्या फाइलचं नाव लिहायचं. होळीला उन्हाळा लावा, दिवाळीनंतर हिवाळा. पावसाळ्यात खोली ३२-३३ वर असते, तेव्हा कुठलीही चालेल.

१७५० वर थंडीत मोजलेला ज्यांचा फरक पंचविसाच्या आत आहे त्यांनी बारा महिने १७५० ठेवायला हरकत नाही. उलट ज्यांची पेटी साधी आहे, त्यांनी उन्हाळा फाइलमध्ये ओव्हर_व्होल्टेज=-२ ही ओळ घालून बघावी. बरेच बोर्ड १५०० ला कमी व्होल्टेजवरही चालतात आणि काही अंश वाचतात. याचीही रात्रभर चाचणी हवी, कारण कमी व्होल्टेजनेही तीच अस्थिरता येते.

पाय ५ असेल तर गणित तेच, आकडे वेगळे. तो मूळचा २४०० चा, अॅडाप्टर ५.१ व्होल्ट ५ अँपिअरचा आणि व्होल्टेजसाठी 'ओव्हर_व्होल्टेज_डेल्टा' नावाचं सेटिंग, ज्यात आकडा मायक्रोव्होल्टमध्ये द्यायचा: ५०००० म्हणजे ०.०५ व्होल्ट. अधिकृत अॅक्टिव्ह कूलर (पंखा जोडलेला हीटसिंक) नसेल तर पाय ५ मूळ वेगावरही आपल्या उन्हाळ्यात पूर्ण भार पेलत नाही, वाढवायची गोष्ट लांबच. झिरो २ डब्ल्यू १००० वरून १२०० पर्यंत जाऊ शकतो, पण त्यात रॅमच ५१२ एमबी असल्याने ब्राउझरला त्याचा उपयोग होत नाही.

शेवटची तपासणी एप्रिलच्या अखेरीस, दुपारी दोन ते चारच्या मध्ये, अभ्यासिकेतली गर्दी असतानाच करा. त्या वेळी गेट_थ्रॉटल्डचं उत्तर शून्य आलं तर पेटीवर चिकटपट्टी लावून त्यावर तारीख, वेग, पायऱ्या आणि मोजलेला फरक लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच फरक पाच अंशांनी वाढलेला दिसला, तर पंख्यात रुई भरली आहे किंवा पॅड वाळलं आहे.